प्रेस किट: कलाकार आणि व्यावसायिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गायक, चित्रकार, लेखक, नट, छायाचित्रकार, डॉक्टर, वकील, सल्लागार अशा सगळ्यांकडून प्रेस किटबद्दल थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येत राहतात. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा तपशील दुसरीकडे असेल तर तो प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. प्रेस किट म्हणजे नक्की काय असतं?

तुमच्याबद्दल लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या किंवा तुम्हाला बोलावणाऱ्या माणसाला लागणारं सगळं साहित्य एका जागी, उचलून लगेच वापरता येईल अशा अवस्थेत ठेवलेलं असतं, ते प्रेस किट. परिचय, फोटो, कामाचे नमुने आणि संपर्क एवढं तर हवंच, बाकी क्षेत्रानुसार. एकेकाळी हॉलिवूडचे स्टुडिओ सिनेमाबरोबर थिएटरवाल्यांना एक जाडजूड पुस्तिका पाठवायचे. तिच्यात तयार बातम्या, जाहिरातींचे नमुने, नटनट्यांची माहिती असायची. पुढे छापील फाइल आली, मग व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, आता एक लिंक. वापरणारा माणूस मात्र तोच राहिला: घाईत असलेला आणि तुम्हाला न ओळखणारा. किट त्याच्यासाठी असतं. ते बघून तुमच्या चाहत्यांना किंवा घरच्यांना काय वाटेल, हा विचार बाजूला ठेवला की निम्मं किट आपोआप सुधारतं.

२. माझी वेबसाइट आहे, इन्स्टाग्राम आहे. मग हे वेगळं कशाला?

रात्री पान लावायला बसलेला उपसंपादक डोळ्यांसमोर आणा. उद्याच्या कार्यक्रमांच्या बातमीत तुमच्या वाट्याला चार ओळी आणि एक कॉलमभर फोटो आला आहे. त्याला तुमच्या नावाचं अचूक लेखन हवंय, दोन ओळींचा परिचय हवाय, एक उभा फोटो हवाय आणि तो फोटो कोणी काढला ते हवंय. इन्स्टाग्रामवर त्याला कार्यक्रमाची जुनी पोस्टर, सहलीचे फोटो आणि एक सुविचार सापडतो. तिथला फोटो उतरवला तर छपाईला लहान पडतो, आणि तो वापरायची मुभा आहे की नाही हे कुठे लिहिलेलं नसतं. मग तो सर्च करतो आणि समोर येईल तो पहिला फोटो लावतो. तुमचं नाव-आडनाव सर्रास आढळणारं असेल तर तो फोटो दुसऱ्याच माणसाचा निघू शकतो.

वेबसाइट असेल तर काम सोपं आहे. तिच्यावर ‘माध्यमांसाठी’ असं एक पान जोडा आणि किट तिथे ठेवा. पण मेनूत दिसेल असं ठेवा, तळाशी लपवून नको.

३. माझं अजून नाव झालेलं नाही. माझं किट बघणार कोण?

ज्याचं नाव झालंय त्याची माहिती दहा ठिकाणी पडलेली असते, किट नसलं तरी त्याचं भागतं. तुमची कुठेच नसते, म्हणून गरज तुम्हालाच जास्त.

शिवाय ‘प्रेस’ या शब्दावर जाऊ नका. नव्या माणसाचं किट पत्रकारांपेक्षा इतरच जास्त उघडतात: कार्यक्रमाचे आयोजक, निवड समित्या, पॉडकास्ट करणारे, कलादालनं, प्रकाशक, परिषदा भरवणाऱ्या संस्था. आणि सूत्रसंचालक. मंचाच्या कडेला उभं राहून, फोनवर तुमचा परिचय शोधत असलेला सूत्रसंचालक हा किटचा सगळ्यात गरजू वाचक आहे. त्याला काही सापडलं नाही तर तो ‘ज्यांना परिचयाची गरज नाही असे’ म्हणून मोकळा होतो, आणि नेमकी त्या दिवशी ती गरज असते.

४. मी कलाकार नाही. डॉक्टर, वकील, वास्तुरचनाकार किंवा सल्लागाराला याचा काय उपयोग?

पत्रकाराला एखाद्या विषयावर जाणकाराचं मत हवं असतं तेव्हा त्याच्या हातात फार थोडा वेळ असतो. तो तीन नावं काढतो आणि ज्याची पात्रता, नेमकं क्षेत्र आणि फोन नंबर पटकन दिसतो त्याला विचारतो. त्यामुळे तुमच्या किटमध्ये ‘मी या विषयांवर बोलू शकतो’ अशी यादी हवी, आणि ती नेमकी हवी. ‘आरोग्य’ असं लिहू नका. ‘लहान मुलांमधला दमा’ असं लिहा.

एक सावधगिरी बाळगा. बऱ्याच देशांत डॉक्टर आणि वकिलांच्या जाहिरातीवर त्यांच्या व्यावसायिक संस्थांची बंधनं आहेत. पात्रता, पद, प्रकाशित लेख यांची कोरडी माहिती देणं वेगळं. ‘हमखास बरे करणारे’, ‘एकही खटला न हरलेले’ असली भाषा वेगळी. आपल्या संस्थेचे नियम आधी वाचा. रुग्णांचे किंवा अशिलांचे अनुभव किटमध्ये घालायचा मोह तर अजिबात नको.

५. प्रेस किट, प्रेस नोट, पोर्टफोलिओ आणि बायोडेटा यांत फरक काय?

प्रेस नोट एका घटनेची असते आणि ती घटना जुनी झाली की संपते. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा आयव्ही ली या जनसंपर्क सल्लागाराने रेल्वे कंपनीच्या वतीने माहिती लपवण्याऐवजी स्वतःहून पत्रकारांना लेखी दिली. आधुनिक प्रेस नोटची सुरुवात सहसा तिथून मानतात. तुमच्या पुस्तकाचं प्रकाशन, नवं प्रदर्शन, पुरस्कार यांच्यासाठी प्रेस नोट काढा आणि तिच्या शेवटी किटची लिंक द्या.

पोर्टफोलिओत कामच बोलतं आणि तो काम देणाऱ्यासाठी असतो. बायोडेटा नोकरी देणाऱ्यासाठी. बायोडेटातली जन्मतारीख, घरचा पत्ता, वैवाहिक स्थिती किटमध्ये जाता कामा नये. तो नकळत जसाच्या तसा चिकटवला जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

६. किटमध्ये काय काय असलंच पाहिजे?

एका ओळीतली ओळख, दोन-तीन लांबीचे परिचय (प्रश्न ७), श्रेयनामासह, म्हणजे काढणाऱ्याच्या नावासह फोटो (प्रश्न ९ आणि १०), कामाचे मोजके नमुने, लोकांनी काय लिहिलं त्याचे निवडक उतारे (प्रश्न १३), संपर्क (प्रश्न १५) आणि किट शेवटचं कधी सुधारलं ती तारीख.

मंचावर काम करणाऱ्यांनी तांत्रिक गरजांचा वेगळा कागद ठेवावा: किती माइक, कोण कुठे उभं राहणार याचा आराखडा, कुठलं वाद्य थेट साउंड सिस्टिमला जोडायचं, तयारीला किती वेळ लागतो. हा कागद ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याच्या कामाचा आहे, पत्रकाराच्या नाही. म्हणून त्याची फाइल सुटी ठेवा. लेखकांनी मुखपृष्ठाचं मोठं चित्र, पृष्ठसंख्या, प्रकाशक आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) द्यावा. चित्रकार-शिल्पकारांनी प्रत्येक कलाकृतीखाली शीर्षक, वर्ष, माध्यम आणि मापं द्यावीत. उंची आधी की रुंदी आधी तेही लिहावं, कारण आडवं चित्र उभं छापलं जाण्याचे प्रकार याच गोंधळातून होतात.

कामाचे नमुने तीन ते पाच पुरे. चाळीस नमुन्यांतून कुठला बघायचा हे ठरवायचं काम वाचणाऱ्यावर टाकलं, तर तो एकही बघत नाही.

७. परिचय किती मोठा असावा, आणि तो कसा लिहावा?

तीन लांबीचे ठेवा: साधारण ५०, १५० आणि ४०० शब्दांचे. ५० वाला कार्यक्रमपत्रिकेत जातो, १५० वाला सूत्रसंचालक वाचतो, ४०० वाला मुलाखत घेणारा आदल्या रात्री वाचतो. तिन्ही तृतीयपुरुषी हवेत. ‘मी’ने सुरू होणारा परिचय बदलून घ्यावा लागतो, आणि घाईत बदलताना कुठेतरी एखादा ‘माझे’ तसाच राहून छापला जातो.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक किटं इथेच घसरतात. समजा एका चित्रकर्तीचा परिचय असा आहे:

‘बालपणापासूनच कलेची आवड जोपासणाऱ्या, बहुआयामी व्यक्तिमत्त्व लाभलेल्या या ख्यातनाम चित्रकर्तीने आपल्या जादुई कुंचल्याने रसिकमनावर अधिराज्य गाजवले आहे.’

यातून पत्रकाराला काय मिळालं? काही नाही. हे वाक्य कुठल्याही चित्रकर्तीला लावता येतं, आणि कुठलाही बरा संपादक ते कापणार. आता हे बघा:

‘पाडलेल्या इमारतींची जुनी दारं पाडकामाच्या जागेवरून त्या उचलून आणतात आणि त्या लाकडावरच रंगवतात. दारावरचे मूळ कडी-कोयंडे, खिळे आणि घरमालकांची नावं त्या तशीच ठेवतात.’

इथे एकही विशेषण स्तुतीचं नाही, तरी मुलाखतीचे पहिले तीन प्रश्न तयार झाले. दारांवरची नावं तशीच का ठेवता? दारं देतं कोण? विकलेलं दार परत कुणाच्या घराला लागतं का? परिचयाचं काम एवढंच.

‘पहिल्या’, ‘सर्वांत तरुण’, ‘एकमेव’ हे शब्द लिहिलेत तर सोबत पुरावा ठेवा. नसेल तर काढा. खोटा निघालेला एक ‘पहिला’ बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय आणतो.

८. नावाच्या लेखनाबद्दल आणि उच्चाराबद्दल किटमध्ये लिहावं का? जरा अतीच नाही का होत?

लिहाच. नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत द्या, ऱ्हस्व-दीर्घ जसं तुम्ही लिहिता तसं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावायचं की नाही, ‘डॉ.’ हवं की नको, तेही ठरवून टाका. आणि उच्चार: आडनावातला ‘च’ हा ‘चार’मधला की ‘चाक’मधला, हे वाचून कळत नाही. एक ओळ लिहा, किंवा स्वतःच्या आवाजात नाव म्हणून पाच सेकंदांची ध्वनिफीत ठेवा. निवेदक त्यासाठी तुमचे आभार मानतील.

९. फोटो किती, कसे आणि किती मोठे?

चार ते सहा. त्यात एक चेहऱ्याचा, साध्या पार्श्वभूमीवरचा. एक काम करतानाचा. एक उभा आणि एक आडवा तरी हवाच. चेहऱ्याभोवती मोकळी जागा सोडलेली असावी, म्हणजे पान लावणाऱ्याला कापाकापीला वाव राहतो. डोकं आधीच कडेला चिकटलेलं असेल तर तो काही करू शकत नाही.

आकाराचा हिशेब साधा आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ८ बाय १० इंच छापायचं तर २४०० बाय ३००० पिक्सेलचा फोटो लागतो. सॉफ्टवेअरमध्ये इंचामागच्या पिक्सेलचा ७२ हा आकडा बदलून ३०० केला म्हणून फोटो मोठा होत नाही. पिक्सेल होते तेवढेच राहतात. प्रत्येक फोटोची एक मोठी प्रत छपाईसाठी आणि एक हलकी प्रत वेबसाठी ठेवा.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेला आकडा नको. तुमचं नाव, फोटो काढणाऱ्याचं नाव आणि वर्ष एवढं फाइलच्या नावातच असू द्या, कारण फाइल डाउनलोड झाली की तिच्यापाशी तेवढीच ओळख उरते. जमत असेल तर फोटोच्या मेटाडेटातही, म्हणजे फाइलच्या आत साठवलेल्या माहितीतही, फोटोओळ आणि श्रेय भरा. वृत्तसंस्था त्यासाठी आयपीटीसी ही ठरलेली पद्धत वापरतात. चार माणसांच्या फोटोला ‘डावीकडून’ अशी नावं हवीत.

१०. फोटो माझा आहे, पैसे मी दिले आहेत. मग तो कुणालाही वापरायला देऊ शकतो ना?

हे देशावर आणि करारावर अवलंबून आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक सहसा काढून घेणारा असतो, पण वेगळा करार झाला असेल तर तसं राहत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छायाचित्रकाराकडेच हक्क राहतो, तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. आणि कार्यक्रमात कुणीतरी स्वतःहून काढलेला फोटो तर कुठेही आपोआप तुमचा होत नाही.

म्हणून फोटोसत्राच्या आधीच ईमेलवर एक ओळ लिहून घ्या: ‘हे फोटो प्रसिद्धीसाठी, श्रेयनामासह, माध्यमांना विनामूल्य देता येतील.’ किटमध्ये फोटोंच्या वर तसंच वाक्य छापा. ते नसेल तर काळजीपूर्वक काम करणारा संपादक फोटो वापरतच नाही.

११. पीडीएफ करावी की लिंक द्यावी?

लिंक. मेलला वीस एमबीची फाइल जोडली तर बऱ्याचदा ती पोहोचतच नाही, आणि पोहोचली तर चिडवते. लिंक उघडायला परवानगी मागावी लागत नाही ना, हे दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. ‘ॲक्सेस’ची विनंती तुम्ही सकाळी मंजूर कराल तोवर अंक छापून झालेला असतो. मुदत संपून बंद होणारी ट्रान्सफर लिंक किटसाठी वापरू नका. सोबत एक-दोन पानांची पीडीएफ बघायला असायला हरकत नाही, पण मजकुराबाबत पुढचा प्रश्न वाचा.

१२. मराठी मजकूर पाठवला की तिकडे तो बिघडलेला दिसतो. काय करायचं?

दोन कारणं असतात. एक, मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नसलेल्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, टाइप केलेला असतो. तो टंक ज्याच्याकडे नाही त्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसते. दोन, मजकूर युनिकोडमध्येच आहे पण पीडीएफमधून कॉपी केलेला आहे. मग पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार गळतो, जोडाक्षरं सुटतात. उपसंपादक ते दुरुस्त करत बसतो आणि कंटाळून तुमचा परिचय दोन ओळींवर आणतो.

उपाय एकच: युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड किंवा साधी टेक्स्ट फाइल. परिचय चित्राच्या रूपात, म्हणजे सजवलेल्या पोस्टरवर, देऊ नका. तो कॉपीच करता येत नाही.

१३. वर्तमानपत्रातली कात्रणं स्कॅन करून टाकली तर चालतील?

पूर्ण लेखाचं स्कॅन जाहीर पानावर ठेवण्याआधी प्रकाशनाची परवानगी घ्या. लेख तुमच्याबद्दल असला तरी हक्क तुमचा नसतो. एक-दोन वाक्यांचा उतारा, प्रकाशनाचं नाव, तारीख आणि मूळ लेखाची लिंक देणं पुरेसं असतं आणि वाचायलाही सोपं.

उतारा प्रामाणिक हवा. ‘काही प्रसंग उत्तम, एरवी कंटाळवाणं’ यातलं ‘उत्तम’ एवढंच उचललंत तर मूळ परीक्षण शोधायला दुसऱ्या पत्रकाराला एक मिनिटही लागत नाही.

१४. माझ्याबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही. ती जागा रिकामी ठेवू?

ती जागाच ठेवू नका. किंवा ज्यांच्याबरोबर काम केलं त्या दिग्दर्शकाची, संपादकाची, आयोजकाची दोन वाक्यं त्यांच्या परवानगीने, नाव आणि पदासह घ्या. ‘एक रसिक’ या नावाने छापलेली स्तुती कुणी गंभीरपणे घेत नाही.

१५. संपर्कासाठी स्वतःचा फोन नंबर द्यावा का?

जाहीर पानावर ईमेल द्या, आणि त्या कामापुरता वेगळा नंबर असेल तर तो. घरचा पत्ता कधीच नको. विशेषतः एकट्या राहणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. मॅनेजर असेल तर माध्यमांसाठी कोण आणि कार्यक्रम ठरवण्यासाठी कोण, ते स्पष्ट लिहा. काहीही दिलंत तरी उत्तर देणारं कुणीतरी त्या टोकाला हवं. दुसऱ्या दिवशी आलेलं उत्तर बातमीच्या कामाचं नसतं.

१६. आमचा गट आहे आणि त्यातला एकजण सोडून गेला. सगळे फोटो जुनेच आहेत.

नवे फोटो काढेपर्यंत गटाचा फोटो काढून टाका आणि कामाचा एखादा फोटो ठेवा. सोडून गेलेल्याला कापून काढलेला फोटो वापरू नका. खांद्यावर राहिलेला हात दिसतो, आणि बातमी कार्यक्रमाऐवजी त्या हाताची होते. परिचयात सध्याच्या सदस्यांची नावं द्या. जुन्या ध्वनिमुद्रणातलं किंवा प्रयोगातलं त्याचं श्रेय मात्र तसंच राहिलं पाहिजे. भांडण झालं असलं तरी.

१७. मी नाव बदललं आहे / टोपणनावाने लिहितो. दोन्ही नावं द्यायची का?

जुन्या नावाने केलेलं काम तुम्हाला अजून आपलं म्हणून दाखवायचं असेल तर एका ओळीत ‘पूर्वीचं लेखन अमुक नावाने’ असं लिहा. नसेल तर जुनं नाव सांगायचं बंधन नाही. टोपणनाव गुप्त ठेवायचं असेल तर फाइलच्या गुणधर्मांत, ईमेल पत्त्यात आणि पीडीएफच्या ‘लेखक’ रकान्यात खरं नाव राहिलेलं नाही ना, ते बघा. बहुतेकांचं गुपित तिथेच फुटतं.

१८. माझ्याबाबत एक वाद झाला होता. किटमध्ये त्याचा उल्लेख करू?

किट हे खुलासापत्र नाही, त्यामुळे सहसा नको. मात्र कुठली खरी गोष्ट खोडून टाकू नका: परत केलेला पुरस्कार ‘मिळालेले पुरस्कार’ या यादीत तसाच ठेवणं, मधली तीन वर्षं गाळून तारखा सांधणं, हे अंगाशी येतं. प्रश्न विचारला जाणारच असेल तर चार वाक्यांचं निवेदन वेगळं तयार ठेवा आणि मागितल्यावरच द्या.

१९. एआयने तयार केलेला फोटो किंवा परिचय चालेल का?

परिचयाचा मसुदा कशानेही करा, त्यातली प्रत्येक तारीख आणि नाव स्वतः तपासा; ही साधनं न मिळालेले पुरस्कारही आत्मविश्वासाने लिहून देतात. शिवाय त्यांची भाषा प्रश्न ७ मधल्या पहिल्या उदाहरणाकडे झुकते. फोटोचं उत्तर मात्र सरळ ‘नाही’. बातमीतला फोटो हा माणूस असाच दिसतो याचा पुरावा असतो. मुलाखतीला आलेला माणूस फोटोपेक्षा वेगळा दिसला की त्याच्या बाकीच्या माहितीकडेही शंकेने बघितलं जातं.

२०. किट किती दिवसांनी सुधारायचं?

नवं काम, नवा पुरस्कार, बदललेला नंबर किंवा बदललेला चेहरा यांपैकी काही घडलं की लगेच. काही घडलं नाही तरी सहा महिन्यांतून एकदा सगळ्या लिंका उघडून बघा. ‘आगामी’ म्हणून लिहिलेला, होऊन गेलेला कार्यक्रम किटमध्ये सापडला तर ते बेवारस आहे असंच समजलं जातं.

२१. किट चांगलं झालंय हे कसं ओळखायचं?

तुम्हाला फारसं न ओळखणाऱ्या कुणाला तरी लिंक द्या आणि दहा मिनिटांत शंभर शब्दांची बातमी लिहायला सांगा, फोटोसह. तुम्हाला फोन करायचा नाही, एवढीच अट. त्याने कुठे अडून विचारलं, काय चुकीचं लिहिलं आणि काय लिहिलंच नाही, ते टिपून घ्या. मित्रांना ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ते ‘मस्त’ म्हणतील.

२२. सगळं नीट दिलं, तरी बातमीत चूक छापून आली. आता?

आधी किट उघडा. चूक तिथूनच गेली असेल तर ती तिथे सुधारा, नाहीतर पुढचाही तीच उचलेल. मग संपादकांना छोटा मेल करा: अमुक तारीख, अमुक पान किंवा लिंक, छापलेलं वाक्य, बरोबर वाक्य. बस्स. ऑनलाइन बातमी बऱ्याचदा त्याच दिवशी दुरुस्त होते. छापील अंकात शुद्धिपत्र द्यायचं की नाही हे ते ठरवतील. नाव, आकडा किंवा दुसऱ्याचं श्रेय चुकलं असेल तर पाठपुरावा करा. ‘ज्येष्ठ’ऐवजी ‘नामवंत’ छापलं म्हणून करू नका.